कोरा चहा, टेकडीखालचा: सहा महिन्यांच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

भाच्याचं चहाचं दुकान टेकडीच्या पायथ्याशी आहे. पहाटे साडेपाचला शटर वर जातं. टेकडीवर जाणारे रिकाम्या पोटी जातात आणि उतरले की स्पेशल नाहीतर कटिंग, सोबत खारी. गेल्या वर्षभरात त्याच्याकडे एक वेगळी मागणी वाढली आहे. "दूध नको, साखर नको, कोरा दे." काही मधुमेहवाले, काहींना दूध सोसत नाही, काहींनी मुलाच्या लग्नाआधी वजन उतरवायचं मनावर घेतलंय. त्यांना हा देतो काय, तर त्याच दाणेदार पावडरीचा बिनदुधाचा उकाळा. आज मी प्यायलो. टाळू आक्रसली. बहिणीनं विचारलं कसा आहे, म्हटलं औषध म्हणून बरा.

"मामा, तू एवढी वर्षं केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये घालवलीस. मला एक चांगला कोरा चहा बसवून दे की."

निवृत्त माणसाला असं कुणी काही मागितलं की वही निघतेच. अटी लिहून घेतल्या. पेला १५० मिलीचा. साखर न घालता पिता आला पाहिजे. मागितल्यापासून चार-पाच मिनिटांत हातात. दुकानातला मुलगा लातूरकडचा आहे, विशीतला, त्याला एकट्याला जमला पाहिजे. वीस रुपयांच्या वर गेला तर टेकडीवाले फिरकणार नाहीत. आणि थर्मामीटर चालणार नाही. ("गिऱ्हाईक विचारेल, चहाला ताप आलाय का?")

दाणेदार चहाला नावं ठेवायची नाहीत, हेही लिहून ठेवतो. तो ज्या कामासाठी निघाला ते काम चोख करतो. १९३० साली आसामातल्या अमगुरी मळ्यावर विल्यम मॅकर्चर यानं दातेरी रुळांचं यंत्र बसवलं. जवळजवळ बसवलेले दोन रूळ वेगवेगळ्या गतीनं फिरतात, मधलं पान चिरडतं, फाटतं आणि त्याच्या गोळ्या होतात. सीटीसी (क्रश, टेअर, कर्ल) ती हीच. पान इतकं फुटलेलं असतं की रंग आणि तुरटपणा पाण्यात पडताक्षणी सुटतो. मग दूध येतं, दुधातलं केसीन त्या तुरटपणाला धरून ठेवतं आणि जिभेपर्यंत पोचतो तो नुसता कडकपणा. दूध काढून घेतलं की तुरटपणाला धरणारं कुणी उरत नाही. म्हणजे पावडर तीच ठेवून दूध वगळणं हा उपाय नव्हेच. पानच वेगळं हवं. न चिरडता वळलेलं, आणि उंचावरचं.

१९ जानेवारी, रविवार

काल रविवार पेठेत दोन तास गेले. एका दुकानदारानं 'दार्जिलिंग' म्हणून डबा उघडला. नाक घातलं तर जुन्या कपाटाचा वास. मी तसं म्हटलं, तर म्हणाला, "काका, उकळला की येतो वास." न घेता निघालो.

दार्जिलिंग हे नाव २००४ साली भौगोलिक निर्देशांकात नोंदलं गेलं, भारतातली ती पहिली नोंद. ८७ मळ्यांचा चहाच ते नाव लावू शकतो. पण नोंद कागदावर असते आणि चहा पोत्यात. सीमेपलीकडे नेपाळातल्या इलामचं पान दिसायला सख्ख्या भावासारखं, आणि चांगलंही असतं. फक्त ते दार्जिलिंग नाही.

शेवटी तीन नमुने टपालानं मागवले. एक तमिळनाडूतल्या निलगिरी डोंगरांतला, कुन्नूरकडून. एक मुन्नारजवळच्या कोलुक्कुमलई मळ्याचा. आणि एक दार्जिलिंगचा, गेल्या मे-जूनच्या खुडणीचा. पाकिटांवरची अक्षरं वाचून हिनं विचारलं की ही पदवी कुणाची. एफटीजीएफओपी. यातली बहुतेक अक्षरं पानाचा आकार आणि टोकाशी सोनेरी कळ्या किती हे सांगतात, चवीबद्दल अवाक्षर नाही. त्यातला 'ओ' म्हणजे 'ऑरेंज', पण संत्र्याशी संबंध नाही. व्यापारातले लोक या अक्षरांची फोड गमतीनं 'सामान्य माणसाच्या मानानं फारच चांगला' अशा अर्थाची करतात.

२६ जानेवारी, रविवार

पहिली चव. चहा चाखण्याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३१०३, पहिल्यांदा १९८० साली निघालं. १०० मिलीला २ ग्रॅम पान, उकळतं पाणी, झाकण, सहा मिनिटं. याच्या ब्रिटिश भावंडाला १९९९ साली इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं बक्षीस. मला मात्र हसू आलं नाही. प्रयोगशाळेत उभं आयुष्य काढलेल्या माणसाला सहा पानी चहाकृती अगदी रास्त वाटते.

तिन्ही तसेच केले. निलगिरी: रंग तांबूस केशरी, वास मोकळा, फुलासारखा, शेवटी करकरीत तुरट. कोलुक्कुमलई: रंग जरा गडद, चव भरीव, गिळल्यावर किंचित गोडवा. दार्जिलिंग: पेल्यात रंग सर्वांत फिका आणि वास सर्वांत मोठा. काळी द्राक्षं. नाशिकहून पेटी येते, दोन दिवस घरात राहते आणि मग खोलीत शिरताच जो वास येतो, तो.

तिन्ही पिववले नाहीत. घोटभर ठीक, पेलाभर नाही. थोड्या वेळानं ट्यूब पेटली. हे मानक प्यायच्या चहाचं नाहीच. एका चहाची दुसऱ्याशी तुलना करता यावी, दोष असेल तो लपू नये, म्हणून सगळं ओरबाडून काढायचं. परीक्षकाचा कप वेगळा आणि पाहुण्याचा कप वेगळा.

द्राक्षांच्या वासाचं श्रेय अर्धं किडीला आहे. उन्हाळी खुडणीच्या वेळी दार्जिलिंगच्या झुडपांवर हिरवे तुडतुडे येतात, फुलकिडेही येतात, आणि कोवळ्या पानातला रस शोषतात. पान बचावासाठी सुगंधी द्रव्यं तयार करतं आणि पुढे कारखान्यात त्यांचाच हा वास होतो. कपाशीवर तुडतुडे दिसले की आमच्या गावाकडचे चुलते फवारणीचा पंप शोधायचे. तिकडे त्याच जातकुळीच्या किडीनं चावलेलं पान जास्त भावानं जातं. चुलत्यांना सांगायला हवं होतं, पण ते राहिलं.

२ फेब्रुवारी, रविवार

आज पाणी.

सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे (गिलँ-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण सापडल्यापासून पाणी उकळून प्या असं सगळीकडे सांगताहेत. घरात दोन पातेली कायम उकळून झाकलेली. चहाच्या पुस्तकी नियमांत 'एकदा उकळलेलं पाणी पुन्हा वापरू नये' असं हमखास असतं. आयता प्रयोग मिळाला. ताजं पाणी आणि दुसऱ्यांदा उकळलेलं पाणी, पान तेच, वेळ तीच, हिला न सांगता चार वेळा दिलं. दोनदा बरोबर, दोनदा चूक. मला स्वतःलाही ओळखता आलं नाही. तो नियम वहीतून खोडला.

पाण्याच्या जातीनं मात्र दणका दिला. घरचं नळाचं पाणी खडकवासल्याचं, मऊ. त्यात निलगिरी स्वच्छ, उजळ. समोरच्या सोसायटीचं बोअरचं पाणी आणलं, तिथल्या बादल्यांवर पांढरे थर असतात. त्या पाण्यात तोच चहा मातकट तपकिरी झाला, वर तवंग आला आणि पेल्याच्या कडेला चॉकलेटी रेघ बसली. पाण्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट आणि चहातली तुरट द्रव्यं मिळून तो तवंग बनतो. वास जवळपास गेला. आरओचं पाणी उलट टोकाचं. रंग सुंदर, पण चवीला बूड नाही, मीठ विसरलेल्या वरणासारखी.

भाच्याच्या दुकानात नळाचंच पाणी येतं. एक प्रश्न न सोडवताच सुटला. टँकर येईल त्या दिवशी कोरा चहा बंद, एवढं त्याला बजावून ठेवलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

सिंहगड. यासाठी मी महिनाभर थांबलो होतो.

जो तो सांगतो की डोंगराळ चहाला उकळतं पाणी घालू नका, ९० अंशांच्या आसपास ठेवा. मनात आलं, त्या डोंगरावर पाणी उकळतंच किती अंशाला? दर ३०० मीटर चढलं की उत्कलनबिंदू साधारण एक अंश उतरतो. दार्जिलिंग गाव २,००० मीटरच्या वर आहे. तिथलं आधण ९३ अंशांवर खळखळतं. कोलुक्कुमलईला ९२. म्हणजे तिथली बाई बिनदिक्कत उकळतं पाणी ओतते आणि ते आपोआप 'बेताचं' असतं. पुण्याची उंची ५६० मीटर, आमच्या ओट्यावर माझा थर्मामीटर ९८ दाखवतो. सिंहगड १,३१२ मीटर. हिशेबानं ९५.६ आलं पाहिजे.

पिठलं-भाकरीच्या एका झोपडीत ताईंना म्हटलं, चहा नको, नुसतं उकळतं पाणी द्या, पैसे चहाचेच घ्या. त्यांनी आधी माझ्याकडे, मग हिच्याकडे पाहिलं. हिनं 'चालतं असंच' अशी मान हलवली. पातेलं खळखळल्यावर थर्मामीटर बुडवला. साडेपंच्याण्णव! भज्यांच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी वाकून पाहिलं. एकानं विचारलं, दुधात पाणी किती ते यात कळतं का?

तिथेच निलगिरी केला. तीन मिनिटं, झाकण ठेवून. इतका चांगला चहा मी या सबंध उद्योगात प्यायलो नव्हतो. घाटात उतरताना मनात सिद्धांत तयार होता. अडीच अंशांचा हा फरक, हेच सगळं गुपित.

संध्याकाळी घरी ९८ आणि ९५.५ असे दोन पेले, सहा फेऱ्या, हिची पाठ माझ्याकडे. सहापैकी तीन बरोबर. नाणं उडवलं असतं तरी तीनच आले असते. "गडावर चढून गेल्यावर मला उसाचा रसही अमृत लागतो," ही म्हणाली.

वहीत 'सिद्धांत' या शब्दावर काट मारली.

२३ फेब्रुवारी, रविवार

मग वेळ आणि तापमान वेगळे करून पाहिले. ९८ आणि ८८, दोन, साडेतीन आणि सहा मिनिटं, तिन्ही चहा. अठरा पेले. रात्री दोन वाजेपर्यंत छताकडे बघत पडलो होतो.

निलगिरीला दहा अंशांनी थोडा फरक पडतो आणि अडीच मिनिटांनी फार. साडेतीनला तो भरलेला असतो, सहाला घशाशी खरवडतो, मग पाणी कितीही अंशांचं असो. दार्जिलिंग जास्त नाजूक निघाला. ९८ला सुरुवातीचा सुवास झटकन येतो आणि मागोमाग कडू कड येते, ८८-९०ला ती कड मऊ होते. वास आणि चहातलं बरंचसं कॅफीन पहिल्या काही मिनिटांतच पाण्यात उतरतं, जड तुरट द्रव्यं रेंगाळत येतात. पान वेळेवर बाहेर काढणं हाच मोठा भाग.

साडेसहाशे रुपये देऊन घेतलेला थर्मामीटर या प्रकल्पात दुसऱ्या क्रमांकावर गेला. वाईट वाटलं.

२ मार्च, रविवार

थर्मामीटरशिवाय तापमान: उकळलेलं लिटरभर पाणी पातेल्यातून स्टीलच्या जगात ओतलं की ९३. त्या जगातून दुसऱ्या जगात ओतलं की ८९. दार्जिलिंगला दोनदा, निलगिरीला एकदा. उंचावरून ओतायचं कसब दुकानातल्या मुलाकडे आहेच. इथे ते कमी करायला सांगितलं.

९ मार्च, रविवार

मुलानं विचारलेल्या प्रश्नानं दिवस गेला. "काका, डोंगरावरचा म्हणजे त्यात काय असतं?"

त्याला समजेल असं सांगता सांगता मलाच जास्त समजलं. थंडीत पालवी हळू वाढते. आसामच्या सखल मळ्यात ऊन, दमट हवा आणि पाणी मिळून कोंब भराभर सुटतात, पान मोठं, रस जोरकस. वर रात्री गार, दिवसाचे काही तास धुकं. तिथे तेवढ्याच पानाला जास्त दिवस लागतात, पान लहान राहतं, आणि लिनालूल, जिरॅनिऑल अशी वासाची द्रव्यं त्या लहान पानात दाटतात. गुलाबाच्या वासातही हीच मंडळी असतात. म्हणून कप दिसायला पातळ आणि वासाला मोठा. "म्हणजे लहान गावरान लिंबू," तो म्हणाला. हो. तसंच.

पण नुसत्या उंचीला सगळं श्रेय देणं खोटं ठरेल. दार्जिलिंगचे मळे सुमारे ६०० मीटरपासून २,००० मीटरपर्यंत पसरलेत. शिवाय तिथे मुख्यतः चिनी जातीची लहान पानांची झुडपं आहेत. आर्चिबाल्ड कॅम्पबेलनं १८४१ साली आपल्या बागेत बी लावून पाहिलं, तिथून ती गोष्ट सुरू होते. जात, उंची, खुडणीचा महिना, आणि मग कारखान्यातला माणूस.

तो कारखाना मी एकदा पाहिलाय. २०१६ साली मुन्नारला गेलो होतो, तेव्हा सूर्यनेल्लीहून जीपनं कोलुक्कुमलईला चढलो. मळा तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात, पण वाट केरळातून. जवळपास ७,९०० फुटांवर. रस्ता म्हणजे दगडांची रास, हिनं वाटेत तीन वेळा देवाचं नाव घेतलं आणि एकदा माझं. वर १९३०च्या दशकातला कारखाना अजून चालू. आधी पान लांब जाळ्यांवर पसरून कोमेजवतात, चौदा-सोळा तास खालून हवा. हातात घेतलं तर ओल्या रुमालासारखं मऊ, दुमडलं तरी मोडत नाही. मग पितळी पट्ट्यांच्या गोल यंत्रात ते वळतं, पेशी फुटतात पण पान शाबूत राहतं. पसरून ठेवलं की हिरव्याचं तांबूस होत जातं, कापून ठेवलेल्या सफरचंदासारखं, आणि वासही त्या बाजूचाच. मग भट्टीची गरम हवा त्या बदलाला थांबवते. चार-साडेचार किलो ओल्या पानाचा एक किलो चहा. तेव्हा मी हे सगळं पाहिलं आणि खाली येऊन हॉटेलात दुधाचा चहा मागवला.

२३ मार्च, रविवार

दुकानात पहिली तालीम. सपशेल फसली.

मुलानं चमचाच वापरला. दाणेदार पावडरीचा चमचा जवळजवळ तीन ग्रॅमचा, वळलेल्या लांब पानाचा तोच चमचा दीड ग्रॅम. रंग आला नाही म्हणून त्यानं आणखी दोन चमचे टाकले, तरी आला नाही म्हणून पातेलं परत गॅसवर चढवलं आणि सवयीनं वर-खाली ओगराळं मारलं. मी काही बोलेपर्यंत उकळी फुटली होती. तासाला शंभर कप करणारा हात आहे तो. उकळी दिसल्याशिवाय त्याला चहा झाला असं वाटतच नाही. चूक त्याची म्हणायची तर आपल्या सगळ्यांच्या आयांची आणि आज्यांचीही म्हणावी लागेल.

दुसरी चूक माझी. सकाळी एकदम तीन लिटर करून थर्मासमध्ये भरायची कल्पना माझी होती. पान गाळून घेतलं होतं, तरी पाऊण तासात वास गेला आणि रंग काळवंडला. परत एकदा वहीत काट.

उपाय: घरी वजनकाट्यावर ८-८ ग्रॅमच्या कागदी पुड्या बांधल्या. एक पुडी, ६०० मिली पाणी, चार पेले. पान चिनी मातीच्या किटलीत, गॅसपासून हातभर लांब. पाणी उकळायचं पातेल्यात, चहा मुरायचा किटलीत. दोन भांडी वेगळी झाली आणि परत गॅसवर चढवायचा प्रश्न मिटला.

वेळेचा प्रश्न मुलानं सोडवला. मोबाइलचा गजर ओल्या हातानं बंद करता येत नाही. तो म्हणाला, पाणी ओतलं की मी पेल्यांचा एक ट्रे विसळायला घेतो, ट्रे संपला की गाळतो. पाच वेळा घड्याळ लावून पाहिलं. तीन मिनिटं वीस सेकंद ते तीन पन्नास. आमच्या लॅबमधल्या काही विद्यार्थ्यांची अचूकता याहून कमी होती.

६ एप्रिल, रविवार

हिशेब. निलगिरी १,४०० रुपये किलो, पेल्याला दोन ग्रॅम, म्हणजे २ रुपये ८० पैसे. दार्जिलिंग ४,५००, म्हणजे पेल्याला नऊ रुपये. गॅस, भाडं, मुलाचा पगार धरून दार्जिलिंग वीस रुपयांत बसत नाही. कोलुक्कुमलई मधे. दुकानासाठी निलगिरी पक्का. हा डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत खुडलेला आहे. तेव्हा निलगिरीच्या वरच्या भागात रात्री दहिवर गोठतं, वाढ जवळपास थांबते, आणि त्या दिवसांतल्या पानाला सर्वांत जास्त सुवास असतो.

१३ एप्रिल, रविवार

दार्जिलिंगची पहिली खुडणी आली, मार्चची. ६०० रुपयांना १०० ग्रॅम, स्वतःच्या पेन्शनीतून, दुकानाशी संबंध नाही.

पाकीट उघडलं तर हा काळा चहाच वाटत नाही. हिरवट, राखाडी, मधे चंदेरी कळ्या. पहिल्या खुडणीचं पान फार जास्त कोमेजवतात, त्यामुळे पुढचा तांबूस होण्याचा टप्पा अर्धवटच घडतो. ८८ अंश, अडीच मिनिटं. रंग कडबा भिजवलेल्या पाण्याचा. वास मोहोराचा, मग कच्च्या बदामाचा, आणि थंड होत आला की काहीतरी हिरवं, ओलं. मी डोळे मिटून बसलो होतो.

"गवताचा आहे," ही म्हणाली.

"कोवळ्या."

"गवतच ना पण?"

भाच्यालाही दिला. त्यानं पेला उजेडात धरून म्हटलं, "मामा, हा वीस रुपयांना विकला तर लोक मला विचारतील चहा कधी टाकणार." बरोबर आहे त्याचं. हा डबा घरीच.

२७ एप्रिल, रविवार

पारा चाळीसच्या पुढे. कोरा चहा सकाळी आठनंतर कुणी विचारत नाही. उरलेला गाळून फ्रीजमध्ये ठेवला होता, त्यातून एक गोष्ट निघाली. दार्जिलिंगची उन्हाळी खुडणी आणि दाणेदार पावडर, दोन्ही थंड झाल्यावर गढूळ झाले, दूध घातल्यासारखे. कॅफीन आणि तुरट द्रव्यं गारव्यात एकमेकांना चिकटतात, त्याचा हा गढूळपणा; गरम केलं की जातो. निलगिरी मात्र काचेसारखा स्वच्छ राहिला. गार चहासाठी निलगिरीचं नाव का घेतात ते दिसलं. दुपारसाठी तो बरणीत ठेवायला सुरुवात केली. कॉलेजची मुलं घेतात. साखर मागतात, द्यावी लागते.

१८ मे, रविवार

लिंबाचं भांडण. एक आजोबा रोज स्वतःच्या खिशातून लिंबाची फोड काढतात आणि पेल्यात पिळतात. मुलगा मला बोलावून दाखवतो, जसं काही गुन्हा पकडलाय. रंग क्षणात उतरतो, तांबड्याचा पिवळा. आम्लानं चहातल्या रंगद्रव्यांची छटा फिकी होते, पाणी वाढल्यामुळे नव्हे. चव मात्र लिंबाचीच उरते. मी आजोबांना एकदा म्हटलं, आधी दोन घोट तसेच घेऊन बघा. त्यांनी घेतले. मग शांतपणे लिंबू पिळलं.

भाच्यानं पाटीवर 'लिंबू १ रु.' लिहून टाकलं. मी विरोध नोंदवतो आणि पुढे जातो.

१ जून, रविवार

यंदा पाऊस मेमध्येच येऊन थडकला, आणि पहिला बळी आमचा डबा. भट्टीतून निघालेल्या पानात तीन टक्क्यांच्या आसपास ओल असते, त्यामुळे ते हवेतली ओल आणि शेजारचे वास दोन्ही ओढून घेतं. मुलानं पुड्यांचा डबा वेलदोडे आणि सुंठेच्या फळीवर ठेवला होता, झाकण अर्धं. चार दिवसांत पुड्या मऊ पडल्या आणि चहाला मसाल्याचा पुसट वास. गिऱ्हाइकांना आवडला, हे सांगायला भाचा विसरला नाही. अडीचशे ग्रॅम घरी आणून मीच संपवतोय.

आता घट्ट फिरकीचा स्टीलचा डबा, एका आठवड्याच्याच पुड्या, आणि फळी वेगळी. पारदर्शक बरणीत दाखवायला ठेवू या, असं भाचा म्हणत होता. उजेडानंही पान उतरतं, म्हणून नमुन्याच्या बरणीत शिळंच पान भरून दिलं.

२२ जून, रविवार

पालख्या परवा पुण्यात आल्या आणि आज पहाटे पुढे गेल्या. दोन दिवस दुकानात फक्त दुधाचा, गोड, आलं घातलेला, तोही फुकट. किटली उलटी घालून ठेवली होती.

१३ जुलै, रविवार

कोरा चहा रोज तीस-पस्तीस पेले जातो. लिंबाचे त्यातले दहा-बारा. खिशात फोड ठेवणारे आजोबा आता एक रुपया देऊन दुकानातलंच घेतात.

आज सहज पाहायला म्हणून पहाटे गेलो. पाऊस आडवा येत होता, हवेत गारठा. मुलानं पाणी उकळलं, जगात ओतलं, आणि किटलीत पान टाकण्याआधी त्यातलं थोडं पाणी रिकाम्या किटलीत घालून गोल फिरवून मोरीत ओतलं. हे मी सांगितलेलं नव्हतं. पेलेही गरम पाण्यातून काढले.

विचारलं, हे कधीपासून?

"पाऊस लागल्यापासून. किटली गार पडली की वास वर येत नाही, काका. पेल्यावर नाक नेलं की कळतं."

मी थर्मामीटर बरोबर आणला होता. गार किटलीत ८५, विसळलेल्या किटलीत ९१. त्याला आकडे सांगितले. त्यानं बरं म्हटलं आणि ट्रे विसळायला घेतला.

वहीत शेवटच्या ओळी: किटली गरम पाण्यानं विसळणे, जून ते फेब्रुवारी. निलगिरी संपत आला, दोन किलो मागवणे. दार्जिलिंगची यंदाची उन्हाळी खुडणी आली असेल, पाव किलो, घरासाठी, हिला न सांगता.